पंधरातला एक

गुणवंती गोरिवले हिने आमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं दगड फोडले. रागाने नव्हे, पगारी. रागानेही फोडले, पण ते पुढे येईल.

रत्नागिरीतल्या एका तांत्रिक शिक्षणसंस्थेत मी साहित्य-परीक्षण शिकवायचो आणि ती माझी मदतनीस होती. बांधकामाचा माल आमच्याकडे तपासायला यायचा. आमच्याकडे बांधकाम म्हणजे आधी चिरा, बाकी सगळं नंतर. जांभ्याच्या खाणीतून करवतीने कापलेला, सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, तांबडा, भोकाभोकांचा दगड. गुणवंती तो उचलून मशीनच्या दोन पोलादी पाटांमध्ये ठेवायची, समोरची जाळी लावायची आणि दट्ट्या चढवायला लागायची. काटा चढत जायचा. दहा टन, पंधरा टन, वीस. चिरा ढिम्म. बघणाऱ्याला वाटायचं, हा काही फुटत नाही. आणि त्याच क्षणी तोफेसारखा आवाज होऊन पाटांमध्ये नुसता चुरा उरायचा. जाळी नसती तर आमच्यातले निम्मे आंधळे झाले असते.

जाळी लावायला ती एकदाच विसरली होती. मशीनवरच्या पहिल्या वर्षी. कपची उडाली आणि डावी भुवई मधोमध चिरली. रक्त गळत असताना तिने आधी काट्यावरचा आकडा वहीत लिहिला आणि मग पदर दाबून धरला. मी तेव्हा नवा होतो, मलाच घेरी आली. पुढे एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून चालत्या मशीनच्या पाटाखाली बोट घातलं, तेव्हा तिने त्याच्या अशी कानफटात दिली की पोरगा भिंतीला जाऊन आपटला. त्याचे वडील तक्रार घेऊन आले. गुणवंतीने त्यांना मशीनपाशी नेलं, एक चिरा लावला, फोडून दाखवला आणि म्हणाली, "आता सांगा, बोट व्हया की कान?" वडील तक्रार खिशात घालून गेले.

ती सातवीपर्यंत शिकलेली. पण या मशीनबद्दल तिला जे कळायचं ते आमच्या पुस्तकात दोन पानं खर्चून लिहिलेलं असतं. सळईची चाचणी चालू असली की ती निर्धास्त बसायची. म्हणायची, "लोखंड सांगून मरता. ताणला की बारीक व्हता, वाकता, मग तुटता. चिरा सांगत नाय. शेवटच्या घटकेपर्यंत तुमच्याकडं बघून हसत ऱ्हवता."

हे ज्ञान तिला आमच्याकडे मिळालेलं नव्हतं. तिचा नवरा शिवा चिरेखाणीत होता. तापट माणूस. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने हिच्यावर हात उगारला आणि हिने कुदळीचा दांडा त्याच्या नडगीवर घातला. पंधरा दिवस तो लंगडत खाणीत गेला. दोघांचा संसार त्यानंतर बरा चालला, असं तीच सांगायची. खाणीत एक कडा पुढे आलेला होता. पावसाळ्यामागून पावसाळे काढलेला, त्याच्याखाली माणसं डबे खायला बसायची. एका सकाळी शिवाने खात्री म्हणून त्यावर घण मारून पाहिला. खणखणीत वाजला. दुपारी तोच कडा त्याच्यावर बसला. गुणवंती वाडीतून धावत गेली तेव्हा माणसं लांब उभी होती, कारण वरचं आणखी येईल अशी भीती. ती एकटी आत गेली आणि नखं तुटेपर्यंत हातांनी दगड उपसत राहिली. जे बाहेर काढलं ते तिने कोणाला पाहू दिलं नाही. तेव्हा मितेश, तिचा एकुलता एक मुलगा, पाच वर्षांचा होता. त्यानंतर सहा महिन्यांत ती आमच्याकडे झाडू मारायला लागली आणि वर्षभरात मशीनवर आली. दगड फुटताना ती डोळे मिटत नसे. बाकीचे सगळे मिटतात, मीही.

आता माझा या गोष्टीतला वाटा सांगतो. तो शोभणारा नाही.

वयाच्या पन्नाशीला मला पीएच.डी.चं खूळ लागलं. विषय घेतला चिऱ्याचा. एकाच खाणीतले, एकाच दिवशी कापलेले, दिसायला जुळे असलेले चिरे वेगवेगळ्या भाराला का फुटतात? कारण सोपं आहे. दगडात जन्मापासून भेगा असतात, मातीचे डाग असतात, पोकळ्या असतात. कुठे किती, ते बाहेरून दिसत नाही. भार चढला की सगळ्यांत वाईट भेग आधी उघडते, आणि एकदा उघडली की बाकीचा दगड कितीही चांगला असो, तिच्यामागून फाटत जातो. तेव्हा एकेका चिऱ्याचं भविष्य सांगता येत नाही, पण पुष्कळ चिरे फोडले तर शंभरात किती, कुठल्या भाराला जातील याचा आलेख काढता येतो. होडीची दहा भोकं बुजवली आणि अकरावं राहिलं तर ती बुडतेच, तसा हा हिशोब. दहाची शाबासकी कामाला येत नाही.

मला पुष्कळ चिरे हवे होते आणि ते मितेशने दिले. मितेश सत्तावीस वर्षांचा झाला होता. मुंबईत चार वर्षं सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं काम करून परत आला होता आणि वाडीतल्या देवळापुढचा नवा सभामंडप बांधायचं काम त्याने घेतलं होतं. त्याचं पहिलं मोठं काम. वाडीचा हट्ट होता की खांब सिमेंटचे नकोत, आपल्याच डोंगराच्या चिऱ्याचे हवेत, वर मात्र स्लॅब. चिऱ्याच्या ताकदीचा दाखला लागणार होता. त्याने साठ चिरे पाठवले, मी म्हणालो, दाखलाही होईल आणि माझा अभ्यासही.

गुणवंतीने साठ चिरे आठ दिवसांत फोडले. छप्पन्न चिरे अठरा ते अठ्ठावीस टनांमध्ये फुटले. चार चिरे चार ते सहा टनांतच गेले. चारही चिऱ्यांच्या पोटात पिवळसर मऊ माती निघाली, बाहेरून एकावरही डाग नव्हता.

आमच्या क्षेत्रात एक जुनी रीत आहे. एखादा चिरा फारच लवकर फुटला की तो 'नासका' म्हणायचा, त्याचा आकडा लिहायचा नाही आणि दुसरा लावायचा. खाणवाले तेच सांगतात, ठेकेदार तेच सांगतात, आणि बावीस वर्षं मीही तेच करत आलो होतो. माझ्या आलेखावर छप्पन्न ठिपके सुतात बसत होते आणि हे चार खाली कुठेतरी लोंबत होते. मी त्यांच्यावर काट मारली. दाखल्यात लिहिलं, सरासरी तेवीस टन. खाली सही केली.

गुणवंती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, चार कुठं गेले?"

"ते नासके होते. ते धरायचे नसतात."

"खांबात नासके घालणार नाय काय तो?"

"गवंडी वाजवून घेतो ना प्रत्येक चिरा."

"हे पण मी वाजवून घेतलेले," ती म्हणाली.

मी म्हणालो, चार धरले तरी सरासरी बावीसच्या आसपास येते, एका टनाने काय बिघडतं? ती गेली. जाताना मला एक प्रश्न विचारून गेली, खांबातल्या एका चिऱ्यावर भार किती येणार? मी गणित करून सांगितलं, पाच-साडेपाच टन. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केलेला हिशोब माझ्यापुढे ठेवला. साठात चार, म्हणजे पंधरात एक. आठ खांब, खांबाला चौदा थर, थराला दोन चिरे, एकूण दोनशे चोवीस. त्यात नासके पंधरा. आठ खांबांत पंधरा नासके, आणि नासका फुटतो पाच टनांच्या आतबाहेर.

तीन वर्षं मी जो आलेख काढत होतो, तो तिने पाच ओळींत काढला होता. मी तिला काय सांगितलं? सांगितलं की ताकद चौपट आहे, घाबरायचं कारण नाही. मला कळलं होतं. दाखला परत घ्यायचा म्हणजे सही परत घ्यायची, आलेख मोडायचा, बावीस वर्षांचे सगळे दाखले कोणीतरी उकरायचे. मी मूग गिळून बसलो. ही माझी करणी आहे आणि मी ती दुसऱ्या कोणावर घालणार नाही.

खांब उभे राहत असताना ती मितेशला रोज सांगत होती. तो आधी हसला, मग चिडला. स्लॅब ओतून झाला. ओतलेला स्लॅब सुकेपर्यंत त्याचा भार खालच्या लाकडी टेकूंवर असतो, खांबांवर नाही. तीन आठवड्यांनी टेकू काढले की सगळं वजन खांबांवर येतं. शिमग्याला देवीची पालखी नव्या मंडपात बसवायची होती, म्हणून त्याआधीच्या रविवारी टेकू काढायचे ठरले. गुणवंतीने वाडीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की टेकू काढू नका, खांब उतरवा, प्रत्येक चिरा मशीनवर दहा टनांपर्यंत दाबून घ्या, जो फुटेल तो फुटू दे, उरतील ते परत चढवा. त्यात खुळेपणाचं काही नव्हतं. मी उठून तसं सांगायला हवं होतं, पण मला बैठकीचं आमंत्रण नव्हतं आणि मी ते मागितलंही नाही.

वाडीचा गावकर, देवळाचा मुख्य मानकरी गंगाराम, साठीचा, शांत आणि सगळ्यांना धरून चालणारा माणूस. त्याने रीतीप्रमाणे देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. तरी गुणवंती हटेना, तेव्हा त्याने तिची समजूत काढायला आणखी एक वाट काढली. उरलेल्या ढिगातून एक चिरा देवीचं नाव घेऊन उचलला, टेम्पोत घातला आणि वीसएक माणसं घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला.

"वयनी, हा फोडून दाखव," तो म्हणाला. "शितावरून भाताची परीक्षा."

"भात एका पाण्यात शिजतो भावोजी," गुणवंती म्हणाली. "चिरा शिजत नाय."

पण तिने तो लावला. काटा वर जायला लागला तशी माणसं मोठ्याने आकडे मोजायला लागली. वीस झाले. पंचवीस झाले. सव्वीस टनांना चिरा असा फुटला की खिडकीची काच हादरली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मितेशने आईकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं.

"सर, झाला ना समाधान?"

"चिरा उत्तम आहे," मी म्हणालो. तो चिरा उत्तमच होता. खोटं बोलायची याहून सभ्य तऱ्हा मला माहीत नाही.

सगळे गेल्यावर गुणवंतीने चुरा झाडून गोळा केला. "देवीला एकदाच इचारतात," ती म्हणाली. "ती एकच हाय. चिरे दोनशे चोवीस हायत, आन ह्यांनी एकाला इचारलानी." मग झाडू भिंतीवर इतक्या जोरात फेकला की दांडा मोडला.

रविवारी सकाळी ती माझ्या दारात आली. "चला सर. तुमची सही हाय त्या मंडपावर." मी स्कूटर काढली. वाडीत पोचल्यावर ती घरात गेली आणि शिवाचा घण खांद्यावर टाकून बाहेर आली. आठ किलोचा घण, बाई पन्नाशीची.

मंडपात टेकूंचं जंगल उभं होतं. मितेश आणि त्याचे दोन कामगार मागच्या बाजूने पाचर सैल करायच्या तयारीत होते. देवळासमोर तीसेक माणसं, बायका, नारळ, अगरबत्ती. गुणवंती सरळ पुढच्या खांबापाशी गेली आणि घण फिरवला. तिला खांब तपासायचा नव्हता. तिला तो पाडायचा होता. टेकू जागेवर होते तोवर खांब पडला तरी कोणाला इजा होणार नव्हती, आणि एक खांब पडला की टेकू काढता येणार नव्हते. इतका साधा तिचा बेत.

पहिला घाव बसला. कपच्या उडाल्या. दुसरा, तिसरा. बायका मागे सरल्या. पाचव्या घावाला तिची जुनी चिरलेली भुवई पुन्हा फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. ती थांबली नाही. दहा घाव घातले, बारा घातले. खांबाचा एक कोपरा खरवडला गेला, बाकी खांब जसाच्या तसा. आठांतला नेमका चांगला खांब तिच्या वाट्याला आला होता, किंवा त्याच्यातले नासके दुसऱ्या थरांत होते. मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले.

"बघ काकी, तुझाच घण सांगताय," एक जण म्हणाला.

ती वळली आणि घण त्याच्या पायाच्या दिशेने भिरकावला. वीतभर अंतराने चुकला. मग एकदम झुंबड उडाली. कोणी तिचे केस धरले, कोणी पाठीत गुद्दा घातला, गंगाराम मधे पडायला गेला तर त्याच्या तोंडावर कोपर बसलं. तिने पुन्हा घण उचलला होता. मितेश गर्दी फोडून आला आणि त्याने दांडा धरला. ती सोडेना. ती त्याच्या मनगटाला चावली, खोल. त्याने तिला झटकलं. त्याला ढकलायचं होतं तेवढंच, पण तो सेंट्रिंगचा गडी, त्याच्या हातात ताकद होती. ती जोत्याच्या कडेवर हात टेकून पडली. ती ओरडली नाही. हाडाचा आवाज मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मितेश तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला होता.

"आये," तो म्हणाला.

"टेकू काढू नको," ती म्हणाली.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. तीसजण होते, सगळे गप्प होते, एक वाक्य पुरलं असतं. मी खिशातला रुमाल काढला आणि तिच्या भुवईला लावायला दिला.

मितेश उठला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. दोन्ही कामगारांना त्याने हाताला धरून मंडपाबाहेर काढलं, मग जोत्यावर उभ्या असलेल्या माणसांना. "सगळे भायेर व्हा. एक पण माणूस आत नको. टेकू मी एकटा काढतंय." तो रागाने बोलत होता असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मला आज वाटतं, त्याने आईचं ऐकलं होतं, जेवढं त्या सगळ्यांसमोर ऐकता येत होतं तेवढं. दुसऱ्या कोणाचा जीव त्याने पणाला लावला नाही.

तो मागून सुरुवात करून एकेक टेकू पाडत आला. पाचर ठोकायची, टेकू सुटायचा, धाडकन जमिनीवर पडायचा. मागचे दोन खांब उभे राहिले. मधले उभे राहिले. अर्धा मंडप मोकळा झाला आणि माणसांच्या तोंडावर रंग परत आला. कोणीतरी देवीच्या नावाचा गजर केला. गुणवंती जोत्याशी मोडका हात मांडीवर घेऊन बसली होती आणि डोळे न मिटता बघत होती. शेवटची रांग उरली. चार टेकू. मितेशने पहिला पाडला, दुसरा पाडला आणि घाम पुसायला आईकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटतं, तो थोडासा हसला.

उजवीकडचा तिसरा खांब कमरेच्या उंचीला फुटला. आधी तडा नाही, माती गळली नाही, काही नाही. मशीनमध्ये फुटतो तसा, तोच आवाज, फक्त जाळी नव्हती. कपच्या तीस फुटांवर देवळाच्या दारापर्यंत आल्या. एका बाईचा गाल फाटला. स्लॅबची ती बाजू खाली बसली, स्लॅबखालची आडवी तुळई मोडून लोंबकळली आणि सगळीकडे तांबडी धूळ झाली. धुळीतून मितेशची किंकाळी आली, म्हणजे तो जिवंत होता.

धूळ बसली तेव्हा दिसलं. तो पालथा पडला होता आणि डावा पाय गुडघ्याच्या खाली तुळईखाली सापडला होता. खाली पडलेल्या टेकूंवर तुळई अडकली म्हणून तो वाचला होता. वरती उरलेला स्लॅब सात खांबांवर, वाकडा. पडलेल्या खांबाचं ओझं शेजारच्यांवर आलं होतं. माणसं पुढे धावली आणि मंडपाच्या कडेला येऊन थबकली. शिवाच्या वेळी थबकली होती तशीच.

गुणवंती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अर्धं तोंड रक्ताने माखलेलं, एक हात लोंबता.

"सर, हे सात धरतील?"

मला छप्पन्न ठिपके पाठ होते. वर राहिलेलं वजन, खांब, थर, सगळं माहीत होतं. सात खांबांत तेरा नासके, तेही सरासरीने. तेरा आहेत की तीन आहेत की वीस, आणि कुठल्या खांबात, हे जगातल्या कुठल्याही गणिताला सांगता येत नव्हतं.

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "बावीस वर्षांत पयल्यांदा खरा बोललात," ती म्हणाली आणि आत गेली.

मितेश ओरडत होता, आये भायेर जा, आये भायेर जा. ती त्याच्या शेजारी खाली बसली, धड हाताने त्याचं तोंड दाबलं आणि म्हणाली, "मेल्या, एकदा तरी गप ऱ्हव." मग एका हाताने पडलेला टेकू ओढायला लागली. तो तिला हलेना. गंगाराम आत गेला, सुजलेल्या तोंडाने. त्याच्यामागून ते दोन कामगार. मग ज्याच्या पायावर तिने घण फेकला होता तो. टेम्पोचा जॅक आला. त्यांनी टेकू पुन्हा उभे केले, तुळईखाली जॅक लावला. मधेच डावीकडच्या खांबातून एक चिरा फटाक्यासारखा तडकला आणि त्याची कपची गंगारामच्या कानाला चाटून गेली. कोणी बाहेर पळालं नाही. पाऊण तास लागला.

मी बाहेर उभा होतो. माझे पाय जाईनात. मी दमेकरी आहे, पन्नाशीचा आहे, मला अशा कामाची सवय नाही, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही कारण नव्हतं.

मितेशचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मंडप पुढे उतरवला. गुणवंती म्हणाली होती त्याप्रमाणे चिरे मशीनवर दाबून घेतले. ते काम तिने प्लॅस्टरमधल्या हाताने स्वतः केलं. काही वापरायच्या लायकीचे उरले नव्हते, ते सोडून बाकी एकशे नव्वद तपासले. त्यात अकरा फुटले. मी ते अकरा लिहून ठेवले, माझ्या आलेखाची वाट लागली, आणि पीएच.डी. मी सोडून दिली. दाखल्याची चौकशी झाली तेव्हा मी चार आकड्यांवर काट मारल्याचं लिहून दिलं. माझी नोकरी गेली नाही, फक्त सहीचा अधिकार गेला. हे फारच थोडं झालं, असं मला वाटतं. गुणवंतीला तसं वाटायचं की नाही, तिने सांगितलं नाही.

मितेश इस्पितळात असताना मी एकदाच गेलो. गुणवंती खाटेशेजारी बसून त्याला पेज भरवत होती. दोघांचं जोरात भांडण चाललेलं होतं, पेजेत मीठ कमी की जास्त यावरून. मला बघून दोघं गप्प झाले. मी संत्री ठेवली.

मग मितेशने विचारलं, "सर, आयेनं घण मारलान तो खांब ऱ्हवला आन दुसराच पडला. मग हिला कसा कळला?"

"कुठला पडणार ते तिला कळलं नव्हतं," मी म्हणालो. "कुठला तरी पडणार, एवढंच कळलं होतं."

"आन तुमाला?"

मी खिडकीकडे बघितलं. "मलाही तेवढंच कळलं होतं."

"कवा?"

"तिच्या आधी एक दिवस."

त्याने पायाच्या जागची चादर सारखी केली. त्याचा आवाज चढला नाही, मी चढण्याची वाट बघत होतो. "मग सांगितलात का नाय?"

गुणवंतीने चमचा वाटीत ठेवला, त्याच्या हनुवटीवरची पेज पदराने पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना काय इचारतंस? ते सरासरी सांगतील."